अर्ज क्रमांक ११३६ नंतरची व्यवस्था

मालमत्तेकडे वळण्याआधी, घडलेल्या गोष्टी क्रमाने लिहिते.

१. ३ फेब्रुवारी २०२५ रोजी मी स्थापन केलेल्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे अर्ज क्रमांक ११३६ आला. अर्जदाराचे वय ६६. हृदयाची एक झडप अरुंद झालेली. फुप्फुसे कमजोर असल्याने छाती उघडता येत नव्हती. मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवायची होती. खर्च सोळा लाख रुपये. सरकारी आरोग्य योजनेच्या सोबतच्या कागदावर 'योजनेत बसत नाही' असा शेरा होता.

२. १९ फेब्रुवारी रोजी निधीच्या कर्मचाऱ्याने अर्जदाराच्या दुकानाची पाहणी केली. दुकानात शेतपंपाच्या एकतीस मोटारी मोजल्या. त्या अर्जदाराची मालमत्ता म्हणून धरल्या.

३. मोटारींमुळे आठ गुण कमी झाले. अर्जाला ६२ गुण मिळाले. मंजुरीसाठी ६५ लागतात.

४. मोटारी अर्जदाराच्या नव्हत्या.

५. ४ मार्च रोजी अर्ज नामंजूर झाला. नियमाप्रमाणे नव्वद दिवसांनी पुन्हा अर्ज करता येत होता.

६. ११ एप्रिल रोजी गावाने अर्जदारासाठी चादर फिरवली. ती माझ्या घरी आली नाही.

७. २४ एप्रिल रोजी, नामंजुरीनंतर एक्कावन्नाव्या दिवशी, अर्जदार वारला.

८. अर्जदाराचे नाव शेख जहांगीर शेख रज्जाक. जळालेल्या मोटारी नव्याने गुंडाळून देण्याचे, म्हणजे रिवायंडिंगचे, त्यांचे दुकान जानेफळ येथे आहे. निधीच्या अर्जांवर नाव झाकलेले असते.

९. ४ मार्चच्या आधी, पाहणीतला फोटो बघून, मी ते दुकान ओळखले होते.

मी, समता किसनराव अवसरमोल, वय ३४ वर्षे, व्यवसाय पूर्वी इलेक्ट्रॉनिक्स अभियंता, सध्या काही नाही, राहणार जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करत आहे. माझ्या मेंदूतील एका रक्तवाहिनीला सात मिलिमीटरचा फुगवटा आहे. २८ नोव्हेंबर रोजी नागपूर येथे त्यावर शस्त्रक्रिया ठरली आहे. शंभरात चार ते पाच रुग्ण वाचत नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले; मी आकडा दोनदा विचारला. विचार करण्याचा भाग शाबूत असल्याचे त्यांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणता येईल इतके जवळ गेल्या चार वर्षांत कोणी आलेले नाही. या शस्त्रक्रियेसाठी मला कोणताही अर्ज भरावा लागला नाही. नाव सांगितले, तारीख मिळाली.

१४ ऑगस्ट २०२३ रोजी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते.

या कागदात ठरवायची मोठी गोष्ट एकच आहे. आजच्या किमतीने दोनशे अकरा कोटी रुपये माझ्या नावावर आहेत. त्यातले जवळजवळ सगळे मी जिवंत असतानाच शेख कलीम शेख जहांगीर, म्हणजे वारलेल्या अर्जदाराचा मुलगा, याच्या हाती द्यायचे आहेत. तो घेईल की नाही, हे मला माहीत नाही. बाकीची कलमे आधी उरकते.

कलम १. घर.
जानेफळ येथील घर आई भिमाबाई किसनराव अवसरमोल हिच्या हयातीत तिचे आणि तिच्यानंतर माझा धाकटा भाऊ प्रसेनजित याचे. घराभोवतीची आठ फुटांची भिंत आणि लोखंडी फाटक मी बांधले. आईला ते पहिल्यापासून नको होते. तिला पाडायचे असल्यास खर्च माझ्या बँक खात्यातून करावा.

चादरीबद्दल इथेच लिहिते, कारण ती या फाटकासमोरून गेली. गावात कोणी मोठ्या आजारात सापडले की चार जण चादरीची चार टोके धरून घरोघर जातात. आजारी कोणत्या गल्लीतला, कोणत्या धर्माचा, हे पाहत नाहीत. ज्याला जे जमेल ते तो वरून टाकतो. कोणी किती टाकले ते बघायचे नाही. फक्त सुतकाचे घर सोडतात. त्या शुक्रवारी नमाजानंतर चादर निघाली आणि तीनच्या सुमारास आमच्या गल्लीत आली. मी वरच्या खिडकीत होते. आई पाचशेची नोट घेऊन फाटकात उभी होती. पुढचे टोक राजकुमार गवई याच्या हातात होते. तो माझ्या वर्गात होता.

"राजकुमार, थांब ना बाबू," आई म्हणाली.

"राहू द्या, मोठ्या माय. तुमच्या घरी फारम असते. आमची तं चादर हाय."

मागचे दोघे हसले.

"फारमवाली मी हावो काय रे? हे माह्या पेन्शनीचे हायेत. तिचे नाहीत."

"मंग कौशल्याबाईच्या दारातून टाका, माय. हे दार सोडाचं ठरलं हाय."

आई चप्पल न घालता शेजारी कौशल्याबाईंच्या ओट्यावर गेली आणि तिथून नोट टाकली. परत आली तेव्हा तिने वर बघितले नाही.

मी खाली उतरले नाही. किती टाकायचे ते मला ठरवता आले नसते. पाचशे टाकले असते तर लोक हसले असते. सोळा लाख टाकले असते तर चादर त्यांची राहिली नसती. त्या दिवशी हा विचार मला बरोबर वाटला होता. सोळा लाख टाकले असते तर माणूस जगला असता, हे वाक्य मला नंतर सुचले. त्या दिवशी दोन लाख तेरा हजार जमले.

कलम २. उपकरणे.
माझा ऑसिलोस्कोप, दोन क्लॅम्प मीटर, सोल्डरिंगचा संच आणि इतर मापक उपकरणे मेहकर तालुक्यातील ज्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत विजेचे काम शिकवतात, तिला द्यावीत. यादी सोबत आहे. कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत, मुलांच्या हातात द्यावीत. बिघडली तरी चालतील.

मला हे काम पहिल्यांदा जहांगीरचाचांनी शिकवले. वडील वीज खात्यात लाइनमन होते. ते खांबावर आणि आई दुसऱ्याच्या शेतात असे, म्हणून तिसरीपासून नववीपर्यंत शाळा सुटल्यावर मी चाचांच्या दुकानात बसत होते. ते मोटार उघडण्याआधी तिचा वास घेत आणि मलाही घ्यायला लावत.

"काय म्हनते?"

"जळली."

"जयली म्हनूनच माह्याकडं आनली ना, बेटा. किती जयली? पुरी का अर्धी?"

"अर्धी."

"मंग? एक फेज गेला होता, अन् हा शायना दोन फेजवरच चालवत बसला. जयाच्या आधी मोटार बोंबलते, बाप्पा. आयकनारा पाह्यजे."

मोटार जळण्याआधी बोंबलते आणि ते ऐकणारे यंत्र करता येते, एवढ्या माहितीवर मी पुण्यात एक नियंत्रक तयार केला. एक फेज गेला की तो मोटार बंद करतो. अशी यंत्रे आधीही होती. माझे स्वस्त होते आणि लवकर सावध होत असे. मार्च २०२१ मध्ये आमची कंपनी विकली गेली आणि कर वजा जाता माझ्या वाट्याला एकशे शहाऐंशी कोटी आले. पेटंटवर दोन नावे आहेत, माझे आणि भागीदाराचे. चाचांचे नाव घालावे असे तेव्हा सुचले नाही. सुचले असते तर घातले असते का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

नियंत्रक खपल्यावर आमच्या भागात मोटारी जळणे कमी झाले. शेतकऱ्यांचे पैसे वाचले आणि चाचांचे काम निम्म्यावर आले. दोन्ही एकाच यंत्राने झाले.

कलम ३. भागीदार.
माझ्या माजी भागीदाराला काही देऊ नये आणि शोकसभा झाल्यास त्याला बोलू देऊ नये. पहिली सहा वर्षे तो बैठकीत माझ्या 'मले-तुले'ची नक्कल करून हशा मिळवत असे. कंपनी विकल्यावर त्याने नक्कल थांबवली. मी तशीच बोलत होते.

कलम ४. निळी वही.
ही वही प्रसेनजितला द्यावी. त्याने ती वाचावी, छापू नये. पैसे खात्यात आले त्या दिवशी मी तिच्यात लिहिले: 'स्वतःसाठी दोन कोटी. बाकी सर्व पाच वर्षांत वाटणे.' मला तेव्हा त्यात काही अवघड वाटले नव्हते.

२०२२ मध्ये मी दोनच्या जागी दहा लिहिले. आईचे म्हातारपण, असे कारण समोर आहे. २०२३ मध्ये पंचवीस: महागाई, आणि प्रसेनजितच्या मुलीचे शिक्षण, जी तेव्हा जन्मलेली नव्हती. २०२४ मध्ये चाळीस. त्या वर्षी कारण लिहिलेले नाही.

या काळात मी बावीस कोटी दिले. मालमत्ता एकशे शहाऐंशीवरून दोनशे अकरावर गेली. देऊनही ती कमी झाली नाही. मला काहीही सोडावे लागले नाही, आणि लोक मला मोठ्या मनाची म्हणत होते. ते खोटे बोलत नव्हते. मी दिलेले त्यांना दिसत होते, वाढलेले दिसत नव्हते.

कलम ५. शाली.
कपाटात सत्काराच्या सव्वीस शाली आहेत. उबदार असतील त्या दुसरबीडजवळ ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांना थंडीत द्याव्यात. मानपत्रे रद्दीत घालावीत. शाळेच्या सभागृहावरचे माझे नाव काढावे. भिंतीला रंग लावण्याचा खर्च ठेवला आहे.

कलम ६. निधी आणि गुणांची प्रणाली.
अर्जांना गुण देणारा संगणक प्रोग्राम मी लिहिला. तो बंद करावा, पण पुसू नये. कोणाला तपासायचा असल्यास मिळाला पाहिजे.

प्रोग्राम का लिहिला, ते सांगते. पैसे आल्यावर फाटकाशी रोज माणसे येऊ लागली. जो चांगला रडे त्याला जास्त मिळे. जो ओळखीचा त्याला लवकर मिळे. हे मला चूक वाटले. म्हणून नाव झाकले, चेहरा झाकला, आजार, उत्पन्न, मालमत्ता आणि घरातली माणसे यांना गुण ठरवले. माझ्यासह तीन विश्वस्त नेमले. अर्जदार ओळखीचा निघाल्यास विश्वस्ताने त्या अर्जावर बोलायचे नाही आणि वर्षभर त्याला खाजगीतही पैसे द्यायचे नाहीत, असा नववा नियम केला. तो मीच सुचवला होता.

आता मोटारींबद्दल. दुरुस्तीला आलेली मोटार शेतकरी कधी कधी नेत नाही. पैसे नसतात, बोअर आटलेला असतो, किंवा नवी मोटार घेतलेली असते. इतर दुकानदार वर्षभर थांबून तांबे विकतात. चाचा विकत नसत. प्रत्येक मोटारीला सुतळीने पुठ्ठा बांधलेला असे, त्यावर मालकाचे नाव आणि गाव. मी सातवीत असताना विचारले होते.

"चाचा, हे इकून काऊन नाही टाकत?"

"अमानत हाय, बेटा. त्यानं ठेवली, म्या ठेवून घेतली."

"पण तो उंद्रीवाला तं मेला."

"त्याचं पोरगं यीन."

"नाही आलं तं?"

"तं तू घेऊन जा पोचवाले. लय इचारते!"

एकतीसपैकी सर्वात जुनी मोटार त्यांच्याकडे अकरा वर्षे होती. विकल्या असत्या तर मालमत्तेच्या रकान्यात शून्य आले असते, गुण सत्तर झाले असते आणि अर्ज मंजूर झाला असता. माझ्या प्रोग्रामने त्यांना मोटारी सांभाळल्याबद्दल आठ गुण कमी दिले.

पाहणी करणारा मुलगा नाशिककडचा होता. त्याला हे माहीत नव्हते, त्याला दोष देऊ नये. मला माहीत होते. २६ फेब्रुवारीला फोटो माझ्या पडद्यावर आला. भिंतीवरचा वार्निशचा डाग मी ओळखला, पुठ्ठे ओळखले. मी नववा नियम लावला, 'अर्जदार परिचित' अशी नोंद केली आणि बाजूला झाले. उरलेल्या दोघांनी ६२ हा आकडा पाहिला. मोटारी अर्जदाराच्या नाहीत, हे एक वाक्य मी लिहू शकत होते. ते पैसे देणे नव्हते, माहिती देणे होते. नियमाचा अर्थ मी त्यापेक्षा कडक लावला.

पक्षपात नको, हे कारण खरे होते, पण पुरे नव्हते. नऊशेहून अधिक दिवस ती पद्धत बिनचूक चालली होती आणि मला ती चाचांपेक्षा जास्त आवडत होती.

कलम ७. शाहजादीचाची.
जहांगीरचाचांच्या पत्नी शाहजादीबी यांच्या नावे मी काहीही ठेवत नाही. हे विसरून झालेले नाही. चाळिसावा झाल्यावर, जूनमध्ये, मी सोळा लाखांचा धनादेश घेऊन त्यांच्याकडे गेले होते. दुकान आणि घर एकच आहे. कलीम पुढे तार गुंडाळत होता, त्याने मान वर केली नाही. चाचीने खुर्ची पुसली.

"बस. चहा घे. चहाले फारम नाही लागत."

मी धनादेश खाटेवर ठेवला. त्यांनी हात लावला नाही.

"मले एक सांग. फोटो पाह्यल्याबराबर तुले समजलं होतं का?"

"हो."

"हे दुकान आपलं हाय म्हनून?"

"हो."

"मंग?"

"नियम होता, चाची."

"कोनाचा?"

चाचीने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"कलीम म्हने, समताताईले फोन लावतो. ते म्हने, नको. पोरीनं चांगल्यासाठी नियम केला, आपल्यासाठी मोडाले लावू तं तिची पंचाईत होईन. दोन डाव फोन हातातून घेतला त्याच्या." चाचीने धनादेश उचलून माझ्या पर्समध्ये घातला आणि चेन लावली. "आता ह्याचं मी काय करू, सांग. झडप घेऊ का?"

मी उठले तेव्हा कलीम बोलला. मशीनकडे बघतच.

"एकतीसमधल्या चार लोकायनं नेल्या. सत्तावीस राह्यल्या. त्या आता माह्या नावावर धरता काय?"

दोघांच्याही आवाजात राग नव्हता. मला राग सोपा गेला असता.

कलम ८. प्रसेनजितचा आक्षेप.
भाऊ उंद्री येथे शिक्षक आहे. त्याला कलम १ मधील घर आणि निळी वही सोडून काही मिळणार नाही, हे त्याला सांगितले आहे. त्याने स्वतःसाठी काही मागितले नाही. त्याचा आक्षेप वेगळा आहे आणि तो इथे नोंदवला पाहिजे, कारण मला त्याला पुरे उत्तर देता आलेले नाही.

"ताई, चारशे बारा लोकायची ऑपरेशनं झाली तुह्या पैशानं. ते जित्ते हायेत. ते खोटं हाय काय?"

"नाही."

"मंग एका मानसापायी तू साऱ्यायले उलटं करून राह्यली. उद्या ते कलीमनं बुडवले तं?"

"बुडू शकतात."

"तू ठेवले तं नाही बुडत. तुले अक्कल हाय, त्याले मोटारीपुरती हाय."

"मी ठेवले होते. बुडाले नाहीत. चाचा बुडाले."

"हे भाषन झालं, ताई."

त्याचे म्हणणे बरोबर होते, ते भाषण होते. साध्या शब्दांत लिहिते. चारशे बारा माणसे जगली याचा मला आनंद आहे. पण त्यांच्या जगण्या-मरण्याच्या मध्ये मला उभे राहायला जागा का होती, याचे उत्तर पैसा एवढेच आहे. मी शहाणी, प्रामाणिक, निःपक्षपाती, जी काही असेन ती असेन. त्या जागेवर मला कोणी निवडले नव्हते आणि तिथून कोणी काढू शकत नव्हते. मी चूक केली तेव्हा मला जाब विचारणारे एकच ठिकाण होते, एक खाट आणि एक खुर्ची, तेही मी स्वतः गेले म्हणून.

एवढी संपत्ती बाळगून माणूस चांगला राहू शकतो का? मी नियम पाळले, खोटे बोलले नाही, उधळपट्टी केली नाही, दान केले. तरीही जिन्याने खाली उतरून एक वाक्य बोलायला मला जमले नाही, आणि ते न जमण्याची किंमत दुसऱ्याने दिली. माझ्यापुरते उत्तर नाही असे आहे. इतरांचे मी सांगू शकत नाही; माझ्याकडे नमुना एकच आहे.

कलम ९. अंत्यविधी.
शस्त्रक्रियेत मृत्यू आल्यास जानेफळ येथे साधा विधी करावा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी माझ्या दानाचा उल्लेख कोणी करू नये. कोणी करू लागल्यास आईने ध्वनिक्षेपक बंद करावा. तिला बटण कुठे आहे ते दाखवून ठेवले आहे.

कलम १०. उरलेली सर्व मालमत्ता.
मृत्युपत्राने देणे सोपे असते; द्यायची वेळ येते तेव्हा देणारा नसतो. शिवाय मृत्युपत्र रद्द करता येते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तर डिसेंबरमध्ये मी घरी असेन, बरी असेन आणि वही माझ्याजवळ असेल. मी तीन वेळा मर्यादा वाढवली आहे. चौथ्यांदा वाढवणार नाही असा भरवसा मला माझ्याबद्दल नाही.

म्हणून या मृत्युपत्रासोबत वेगळे दानपत्र तयार केले आहे. त्यानुसार वहीतले पहिले दोन कोटी, पुण्याचा फ्लॅट आणि जानेफळचे घर सोडून माझी सर्व मालमत्ता सह्या होताच, मी जिवंत असताना, एका सार्वजनिक न्यासाकडे जाईल. पहिला विश्वस्त कलीम. आणखी सहा त्याने गावातून निवडायचे. मी, माझे नातेवाईक आणि माझे नोकर त्यात नसू. हे दान परत घेता येणार नाही. माझ्यामागे त्या दोन कोटींतले उरलेले आणि फ्लॅटही न्यासाकडेच जावेत. पैसे कोणाला, कसे, किती द्यायचे याबद्दल मी अकरा अटी लिहिल्या होत्या. सगळ्या खोडल्या आहेत. वकिलांनी दोन परत घालायला सांगितल्या: पैसे विश्वस्तांच्या खाजगी कामासाठी वापरू नयेत, आणि वर्षातून एकदा ग्रामसभेत उभे राहून लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. त्या ठेवल्या.

कायद्याने मृत्युपत्राला घेणाऱ्याची संमती लागत नाही. दानाला लागते, आणि तीही देणारा जिवंत असताना. कलीमने सही केली नाही तर दानपत्र नुसता कागद आहे.

कलीमच का, हे प्रसेनजितने विचारले, वकिलांनीही विचारले. भरपाई म्हणून नाही. ती चाचीने परत केली आहे. तो माझ्यापेक्षा हुशार आहे असेही माझे म्हणणे नाही. पण दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ असताना ती आपली नाही हे त्याने लहानपणापासून रोज पाहिले आहे, आणि बापाचे काम मंदावल्यावरही त्याने एक मोटार विकलेली नाही. मला ते चार वर्षे जमले नाही.

त्याने नाही म्हणावे याला पुरेशी कारणे आहेत, तीही लिहिते. हे ओझे आहे. फाटकाशी येणारी माणसे आता त्याच्या दुकानाशी येतील. त्याच्या बापाला नाकारणाऱ्या पैशाची राखण त्याने करावी, हे मागणे निर्लज्जपणाचे आहे. शिवाय हे देऊन मला हलके वाटेल, आणि मला हलके वाटावे असे त्याला वाटण्याचे काही कारण नाही.

त्याने नकार दिल्यास दानपत्र फाडावे. मी वाचले तर मालमत्ता माझ्याकडेच राहील. मी न वाचल्यास ती सध्याच्या निधीकडे, सध्याच्या विश्वस्तांकडे जाईल. दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. गुणांचा प्रोग्राम कलम ६ प्रमाणे बंद होईल, पण ते विश्वस्त नवा लिहून घेतील. मी त्यांना ओळखते. तेही चांगले लोक आहेत.

कलम ११. व्यवस्थापक.
या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी प्रसेनजित किसनराव अवसरमोल याला व्यवस्थापक नेमते. त्याचा आक्षेप कायम असूनही त्याने हे काम स्वीकारले आहे. मानधन घेणार नाही म्हणतो. प्रवासखर्च घ्यावा.

वर लिहिलेले मी दोनदा वाचले. आकडे तपासले. त्यातले काही माझ्या बाजूचे नाही म्हणून वगळलेले नाही, आणि चांगले दिसावे म्हणून घातलेले नाही. तरी राहून गेले असेल तर ते मला दिसलेले नाही.

मृत्युपत्र करणार
समता किसनराव अवसरमोल (सही)

आमच्यासमोर समता अवसरमोल यांनी वाचून, समजून सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली. आम्हाला या मालमत्तेतून काही मिळणार नाही.

साक्षीदार १. राजकुमार नारायण गवई, शेती, जानेफळ (सही)
सहीआधी ते म्हणाले, "पुरं वाचून करीन. माह्याबद्दल काय लिवलं ते बी." वाचून झाल्यावर त्यांनी कलम १ मध्ये बदल सुचवला नाही.

साक्षीदार २. कौशल्याबाई उत्तम इंगळे, आशा सेविका, जानेफळ (सही)

ठिकाण: जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५, सोमवार

प्रत: शेख कलीम शेख जहांगीर, जानेफळ

कलीम, ही प्रत आणि दानपत्राचा मसुदा राजकुमारच्या हाती पाठवत आहे, कारण मी स्वतः आले तर तुला माझ्यासमोर उत्तर द्यावे लागेल. चाचीला वाचून दाखव. ज्याला विचारायचे त्याला विचार. स्वतःचा वकील करायचा असल्यास कर. हो म्हणालास तर शुक्रवारी, २१ तारखेला, अकरा वाजता मेहकरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात सही करावी लागेल. २४ तारखेला मी नागपूरला भरती होते, त्यानंतर वेळ नाही. नाही म्हणालास तर कारण देण्याची गरज नाही आणि मी पुन्हा विचारणार नाही.

तुझे उत्तर गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळव, ही विनंती.